राजगुरूंचं कॅलेंडर

जुनं कॅलेंडर काढायला स्टुलावर चढलो आणि अडलो. वर्ष संपून तीन महिने होत आले, तारखांचा आता कुणाला उपयोग नाही. पण वरचं चित्र फार गोड आहे. जास्वंदी रंगाचं लुगडं, अर्धवट वळलेली मान. रद्दीत टाकवेना. बायको म्हणाली, "उतरा आता, पडाल." उतरलो नाही, कारण राजगुरू आठवले.

आग्र्याला क्रांतिकारकांनी घर घेतलं होतं. तिथे जतींद्रनाथ दास बॉम्ब करायला शिकवत होते. अशा घरात राजगुरूंनी एका सुंदर तरुणीचं चित्र असलेलं कॅलेंडर आणून भिंतीला लावलं! त्यांचे नेते चंद्रशेखर आझाद यांनी ते पाहिलं आणि फाडून टाकलं. राजगुरू परत आल्यावर जुंपलीच. का फाडलंत? सुंदर होतं ना ते! मग सुंदर दिसेल ते सगळं फोडणार का, ताजमहालसुद्धा? आझादही तापलेले, म्हणाले, हो, जमलं तर तोही. यावर राजगुरू जरा थांबून हळूच म्हणाले, की जग सुंदर करायला निघालोय आपण, ते सुंदर गोष्टी मोडून कसं होणार? सोबत्यांनी लिहून ठेवलेल्या आठवणींमधली ही माझी सगळ्यात आवडती. वाद कोण जिंकलं याच्याशी मला कर्तव्य नाही. मला ते कॅलेंडर हवं होतं.

राजगुरूंची दुसरी आवड झोप. हा माणूस उभ्या उभ्या झोपायचा म्हणे. काशीला संस्कृत शिकलेला, लघुकौमुदी हा व्याकरणाचा ग्रंथ मुखोद्गत, 17 डिसेंबर 1928 ला लाहोरात साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी झाडणारा, आणि झोपेपुढे साफ शरण! पोलिसांचा छळ आपल्याला सोसेल का, हे बघायला यानंच तापलेला चिमटा स्वतःच्या छातीवर टेकवला होता. चिमटा आणि कॅलेंडर एकाच हातातलं, हे माझ्या डोक्यात अजून नीट बसत नाही.

शाळेत 23 मार्चच्या, म्हणजे तिघांच्या फाशीच्या दिवसाच्या, कार्यक्रमात मला राजगुरू केलं होतं. भगतसिंग होणाऱ्याला टोपी मिळाली, वर पानभर भाषण. सुखदेवालाही दोन वाक्यं होती. मला एक घोषणा, तीही तिघांनी मिळून द्यायची. तालमीत मी चिडून बाईंना विचारलं, राजगुरू नक्की काय करतो? बाई म्हणाल्या, "तू ताठ उभा राहा." राहिलो. भगतसिंगाचं भाषण संपेना आणि माझे डोळे मिटायला लागले. घोषणेला मी चांगला एक श्वास उशिरा ओरडलो. मांडवात हशा पिकला. पुढे कितीतरी वर्षं मला त्याची लाज वाटायची. झोपेची गोष्ट वाचली तेव्हा वाटलं, अरे, सगळ्या नाटकात भूमिका कळली होती ती मला एकट्यालाच!

तिघांच्या तसबिरीत मी अजून आधी त्यांच्याकडेच बघतो. खेडचा मुलगा, गेला तेव्हा बाविसाचा. माझा धाकटा पुढच्या महिन्यात बाविसाचा होईल. आत्ता, दुपारी तीन वाजता, आतल्या खोलीत पालथा पडून घोरतोय. एरवी मी दार वाजवून उठवलं असतं.

कॅलेंडर परत खिळ्याला अडकवलं. तारखांचा भाग तेवढा कात्रीनं कापीन म्हणतो, उद्यापरवा.