मुक्कामी गाडीला प्रवासी कुठून मिळाले?

घरी बनवलेला गेम लोकांपर्यंत पोचवलात कसा, हे मला अधूनमधून कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याच्या पिशवीत बहुधा स्वतःच्या गेमची वही असते, म्हणून टाळवत नाही. तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: पहिल्या खेपेला अजिबात पोचवता आला नाही.

गेमचं नाव ‘मुक्कामी’. तालुक्याहून सुटलेली रात्रीची शेवटची एसटी घाटात बंद पडलीय. कुणी ड्रायव्हर, कुणी कंडक्टर, कुणी बारा वर्षांनी माहेरी निघालेली बाई. प्रत्येकाकडे लपवायची एकेक गोष्ट. सूत्रधार प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात, अडलं की फासे टाकायचे. फासे सापशिडीतलेच. वीस बाजूंचा फासा मी आमच्या इथल्या दुकानात मागितला होता. दुकानदार बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

याची २२ पानी पीडीएफ केली आणि एका संध्याकाळी ११ ठिकाणी टाकली. मजकूर सगळीकडे तोच: ‘मी टेबलटॉप रोलप्लेइंग गेम बनवला आहे, जरूर पाहा.’ दोन ठिकाणी जाहिरात म्हणून उडवला. बाकी ठिकाणी अंगठे आले. अंगठा देणाऱ्या एका मित्राला विचारलं, तर म्हणाला, “उघडली नाही रे अजून. तू केलंयस म्हणून दिला.”

चूक माझी होती. १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच गेमच्या पहिल्या १००० प्रती निघाल्या तेव्हा अमेरिकेत टेबलावर लुटुपुटीच्या लढाया खेळणारी मंडळी आधीपासून होती. हा काय प्रकार आहे, हे त्यांना निम्मं तरी कळत होतं. माझ्या काकूला ‘रोलप्लेइंग’ म्हटलं की काही कळत नाही. पण ‘मोठ्यांची भातुकली’ म्हटलं की ती हसते आणि जवळ येऊन बसते. कोकणातल्या माणसाला तर तेवढंही सांगावं लागत नाही. दशावतारात संहिता नसते. कथानक ठरतं आणि नट रंगमंचावर संवाद जुळवत जातात. “तसंच, पण बसून,” एवढं पुरतं.

दुसरा धडा जास्त लागला. नाशिकच्या मावसभावाला पीडीएफ पाठवली आणि म्हटलं, खेळा. मी फोनवर नुसता ऐकणार, बोलणार नाही. चौघं जमले, पात्रं वाटली आणि गप्प बसले. पहिलं कुणी बोलायचं, हे मी लिहिलंच नव्हतं! आमच्या घरी खेळताना ते मी तोंडानं सांगायचो. शिवाय दोन रकान्यांची पानं मोबाइलवर वाचता येत नव्हती, ते वेगळंच. त्या अर्ध्या तासात मला जे कळलं, ते वर्षभर स्वतः सूत्रधार होऊन कळलं नव्हतं. २२ पानांची ६ झाली. पहिलं वाक्य आता कंडक्टरचं असतं: “उतरा सगळे, धक्का मारायचाय.”

मग जाहिरात थांबवली आणि खेळात घडलेलं लिहायला लागलो. एकदा कंडक्टरनं अख्खा डाव सुटे ११ रुपये परत दिले नाहीत आणि शेवटी त्याच पैशांवरून त्याची चोरी उघडी पडली. एवढंच लिहिलं, खाली दुवा. “हे कुठे मिळतं?” असं अनोळखी माणसानं विचारलं ते तेव्हा पहिल्यांदा.

पैशांचं म्हणाल तर इच.आयओ या गेम ठेवायच्या वेबसाइटवर ठेवलाय, किंमत ‘द्याल ती’, शून्यही चालते. बहुतेक जण शून्यच देतात. मला चालतं, यातून घर चालवायचं असेल तर मला विचारू नका. चित्रं भाचीची आहेत, तिला विचारून घेतलेली. अक्षरं ‘मुक्त’ या खुल्या परवान्याच्या फाँटमधली. पण पीडीएफ झाल्यावर जोडाक्षरं दुसऱ्याच्या फोनवर बघून घ्या. माझ्या पहिल्या आवृत्तीत ‘ड्रायव्हर’ची अशी काही मोडतोड झाली होती की गाडी बंद पडली यात नवल नव्हतं.

परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे: नाव द्या आणि हवं ते बदला. गेल्या महिन्यात एका ताईंनी कळवलं, त्यांच्या पोरांनी एसटी काढून कसाऱ्याची शेवटची लोकल घातलीय आणि कंडक्टरऐवजी टीसी. त्यांचा एक नियम माझ्यापेक्षा सरस आहे: विनातिकीट कोण, हे टीसीलाही शेवटपर्यंत माहीत नसतं. तो मी मागून घेतलाय.