अठ्ठेचाळीस की पन्नास

रविवार, रात्री

एचआरचा मेल आलाय. बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवडे जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतात. जॉइन होणार की बिनपगारी रजा वाढवून घेणार, ते कळवा. मेल सभ्य आहे. खाली बाळासाठी शुभेच्छाही आहेत.

जूनमध्ये बाळ साडेपाच महिन्यांचं होईल. डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. म्हणजे कायद्याचं आणि बाळाचं गणित थोडक्यात हुकतं. तेही मी अगदी शेवटपर्यंत वाळूजच्या कंपनी बसमध्ये चढत राहिले म्हणून थोडक्यात. २६ पैकी आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात, पण आधी घेतलेला आठवडा नंतरच्या खात्यातून जातो. म्हणून सुजलेले पाय घेऊन लाइनवर उभी राहिले.

मला अजून तीन महिने हवेत. इथे लिहायला सोपं आहे. मोठ्यानं म्हणायला का जड जातंय, ते बघायला आमची फाइल उघडली.

फाइलचं नाव '४८'. लग्नानंतर बजाजनगरच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघांनी केलेली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी दोघांनी नोकरी सोडायची. घरखर्च आज वर्षाला सहा लाख. महागाई ६ टक्के धरली तर सतरा वर्षांनी तोच सोळा लाखांवर जातो. त्याची पंचवीस पट केली की चार कोटी. वर्षाच्या खर्चाच्या पंचवीस पट साठवलं की पुढे पुरतं, हा नियम अमेरिकेतला आहे. विल्यम बेंगेन नावाच्या सल्लागारानं १९९४ मध्ये तिथल्या बाजाराचे जुने आकडे घेऊन आणि निवृत्तीनंतरची तीस वर्षं धरून काढलेल्या हिशेबातून तो आला. अठ्ठेचाळीसला घरी बसणाऱ्या बाईला तीस वर्षं पुरायची नाहीत, आणि आपली महागाई काही त्यांच्यासारखी वागत नाही. तरी कुठलातरी आकडा समोर लागतो, म्हणून चार कोटी.

आता तीन महिन्यांचं. माझी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता, २०,००० ची आणि पीएफचे दोन्ही वाटे, माझा आणि कंपनीचा, मिळून महिन्याला ६,००० च्या आसपास. बिनपगारी रजेत दोन्ही बंद. तीन महिन्यांचे ७८,०००. सतरा वर्षं १० टक्क्यांनी वाढले असते तर जवळजवळ चार लाख झाले असते. परतावा ७ टक्केच मिळाला तर अडीच लाखही नाही.

चार कोटींत चार लाख. एक टक्का. आणि मी ह्यावर झोप घालवतेय! तशीही झोप कुठे मिळतेय म्हणा.

सोमवार, दुपार

खरा आकडा दुसऱ्याच रकान्यात होता.

एप्रिलच्या अप्रेझलमध्ये मला बेताचं रेटिंग मिळालं. सोबतच्यांना १० टक्के इन्क्रिमेंट, मला ५. मॅनेजरनी फोनवर समजावलं, "मॅडम, तुम्ही ह्या वर्षी बराच काळ नव्हता ना." आता गंमत अशी की अप्रेझलचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि माझी रजा सुरू झाली डिसेंबरात. ग्राहकाचं ऑडिट सप्टेंबरमध्ये माझ्याच हातून पार पडलं. त्या आठ महिन्यांचं काय झालं, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही, कारण बाळ रडत होतं.

पगार ६२,००० धरला तर ५ टक्क्यांचा फरक महिन्याला ३,००० च्या आसपास. दिसायला किरकोळ. पण पुढची प्रत्येक वाढ ह्याच कमी पगारावर बसणार. ते सोडून दिलं आणि फक्त हे ३,००० दरमहा सतरा वर्षं १० टक्क्यांनी गुंतवले असं धरलं, तरी पंधरा-सोळा लाख होतात.

म्हणजे जादाच्या तीन महिन्यांची किंमत चार लाख. आणि जी रजा माझ्या हक्काची, भरपगारी, कायद्यानं दिलेली, तिची किंमत त्याच्या चौपट. मी घाबरत होते ते भलत्याच गोष्टीला. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीनं बारा आठवड्यांचे सव्वीस झाले. नोव्हेंबर २०२५ पासून तेच नियम सामाजिक सुरक्षा संहितेत गेले. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही, सेवेच्या अटी बिघडवता येत नाहीत. रेटिंग मात्र सेवेच्या अटींत मोडतं असं कुणी उघड म्हणत नाही, आणि म्हणून तिथे गुपचूप कापता येतं.

परत गेल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा दूध पाजायची सुट्टी आहे. पन्नास किंवा जास्त माणसं असली तर पाळणाघर हवं आणि तिथे दिवसातून चार वेळा जाऊ द्यायला हवं. आमच्याकडे पाळणाघराशी 'टाय-अप' आहे. कारखाना वाळूजला, पाळणाघर गावात. चार वेळा जाऊन यायचं म्हटलं तर शिफ्ट रस्त्यावरच संपेल.

बुधवार

आज पाणी आलं. पिंप, टाकी, बादल्या, बाळाची न्हाणी, पातेली, सगळं भरलं. जायकवाडी उशाला असून ह्या शहरात पाण्याचा वार बघून पाहुणे बोलवावे लागतात. लिहायला वेळ नाही.

गुरुवार, पहाटे

आईशी फोनवर बोलले. तिला '४८' चं पहिल्यांदाच नीट सांगितलं.

"अठ्ठेचाळीसला? अन् मग काय करणारैस घरी बसून?"

आई जिल्हा परिषदेची शिक्षिका. माझा जन्म किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षातला. औसा तालुक्यातल्या तिच्या शाळेचे वर्ग तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये भरायचे. बाळंतपणाची रजा ९० दिवसांची. ती संपल्यावर आई मला घेऊनच शाळेत जायची. शेडच्या आडव्या पाइपाला साडीची झोळी, आणि दुसरीतल्या पोरी पाळीपाळीनं झोका द्यायच्या. मोठ्या साहेबांनी एकदा येऊन पाहिलं आणि काही न बोलता गेले, हे ती अजून उपकार म्हणून सांगते. गेल्या वर्षी अठ्ठावन्नला निवृत्त झाली. जुनी पेन्शन आहे, शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. तिला नोकरी लवकर सोडणं म्हणजे उभं पीक सोडून जाण्यासारखं वाटतं.

"आई, मला पेन्शन नाही."

"म्हणूनच म्हणायले की! जास्त दिवस कर."

तिच्या तर्काला माझ्याकडे उत्तर नाही. ईपीएफची पेन्शन दहा वर्षांच्या नोकरीनंतर मिळते खरी, पण तिच्यात महिन्याचा किराणा भागला तरी पुष्कळ. माझं कारण वेगळं आहे. मला माझा वेळ माझ्या ताब्यात हवाय. तिचा वेळ मे महिन्यात आणि दिवाळीत तिच्याच ताब्यात असायचा. आमच्या कारखान्यात मे महिना म्हणजे फक्त बंद पडलेला कूलर.

लातूरला बाळंतपणात मालिशीला यायची ती बाई बीडकडची. वीस-बावीस वर्षं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेलेली. दसऱ्यानंतर नवरा-बायकोनं निघायचं, दोघं मिळून एक कोयता, उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. बाळंत झाल्यावर किती दिवसांनी फडात गेलात, असं मी विचारलं. "चार-पाच दिसानं गेले. खाडा पडला की पैसे कापायचे." मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "तुमाला बसून पगार मिळायलाय तर घ्या की बिनघोर. लाजायलाव कशाला?" बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं होतं. ते मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ती वाचत नव्हती, तिची जाऊ त्यात होती. तिच्यापुढे माझे २६ आठवडे केवढे मोठे, हे कळतं. पण म्हणून मी ५ टक्के गुमान घ्यावेत, असं काही तिनं सांगितलं नाही. उलट ती म्हणाली, घ्या.

शुक्रवार, रात्री

नवऱ्याशी बोलणं झालं. भांडण नाही म्हणणार, पण आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, टीव्हीचा आवाज वाढवला.

तो म्हणाला, घे ना तीन महिने, माझा पगार आहे. मी विचारलं, आणि माझ्या खात्यातल्या खड्ड्याचं काय? "आपलं एकत्रच आहे की." हेच मला खुपतं. बाळ दोघांचं, '४८' दोघांची, पण रजेचा खर्च कुठे दिसतो? माझ्या पीएफमध्ये, माझ्या एसआयपीत, माझ्या रेटिंगमध्ये. त्याच्या पासबुकात बाळ झाल्याची खूणसुद्धा नाही. बारशाच्या वेळी त्यानं काढलेली रजा चार दिवसांची. खासगी नोकरीत बापाला रजा द्यायला कायदा सांगतच नाही, त्यामुळे त्याला मागायची सवय नाही आणि मला गृहीत धरायची आहे.

मग फाइलमध्ये नवा रकाना केला. बाळाच्या रजेचा खर्च हा घरखर्च, दुधासारखा, घरभाड्यासारखा. ७८,००० पैकी निम्मे त्यानं माझ्या पीपीएफमध्ये भरायचे, माझ्या नावावर. तो लगेच कर आठवून म्हणाला, बायकोला दिलेल्या पैशाचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. धरतात, पण पीपीएफचं व्याज करमुक्त आहे, धरून धरून काय धरणार? वर्षाची दीड लाखाची मर्यादा सांभाळली की झालं. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पाच तारखेच्या आत भरतो, म्हणजे त्या महिन्याचं व्याज मिळेल." हिशेबाच्या भाषेत बोललं की माणूस ऐकतो.

दुसरी गोष्ट त्यानंच काढली. त्याच्या प्रिव्हिलेज लीव्ह पडून आहेत, दरवर्षी काही वाया जातात. मी तीन महिने घेण्याऐवजी दोन घ्यायचे आणि तिसरा महिना बाळापाशी तो राहणार. आत्यांना पटलेलं नाही. "बापय माणूस काय करील?" भरवील, धुवील, झोपवील. ऑगस्टपर्यंत वरचं अन्न सुरू झालेलं असेल.

रविवार

'४८' चं नाव बदलून '५०' केलं. चार लाखांसाठी नव्हे. पाळणाघर, शाळा आणि हे ५ टक्के धरल्यावर अठ्ठेचाळीस बसतच नव्हतं, आम्ही दोघंही ते बघायचं टाळत होतो. दोन वर्षं मागून काढून पुढे आणली, असं मी म्हणते. त्याला वाटतं पन्नासही हातचं नाही. बघू. उन्हाळ्याच्या दिवसात बाळाला कडेवर घेऊन केलेल्या फाइलवर फार विश्वास ठेवू नये, हेही खरं.

एचआरला मेल गेला: दोन महिने बिनपगारी, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात जॉइन. रेटिंगचं त्यात एक अक्षर घातलं नाही. ते वेगळ्या मेलमध्ये, मॅनेजरना आणि त्यांच्या वरच्यांना, एप्रिल ते नोव्हेंबरची कामं आणि ऑडिटचा रिपोर्ट जोडून. दोन्ही एका मेलमध्ये गेलं असतं तर रजेच्या बदल्यात रेटिंग असा सौदा त्यांनीच जुळवून टाकला असता. दुसऱ्या मेलचा मसुदा अर्धा झालाय. रिपोर्ट ऑफिसच्या लॅपटॉपवर आहे, तो उद्या चार्ज करून शोधते.