नारायणरावाची गोष्ट मुलांना वाचून दाखवताना

आज दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोर शनिवारवाड्याची गोष्ट वाचली. भुताच्या गोष्टीला इतिहासाचा पाया पक्का लागतो, हे पुन्हा पटलं.

आधी घडलेलं सांगावं: ३० ऑगस्ट १७७३, थकलेला पगार मागत वाड्यात घुसलेले गारदी म्हणजे भाडोत्री शिपाई, जेमतेम अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा जीव वाचवायला काका राघोबादादांकडे धावलेला. रात्री ऐकू येणारी ‘काका, मला वाचवा’ ही हाक लोककथेतली. हा फरक मुलांना स्पष्ट सांगा, भीती त्याने कमी होत नाही.

गारदी, देवडी, फितुरी हे शब्द सुरुवातीलाच समजावून सांगा. ऐन पाठलागात अर्थ सांगायला थांबलात की पकड सुटते, ती परत येत नाही. बहुतेक जण भीतीच्या जागी आवाज चढवतात आणि मुलं हसतात. तिथे उलट आवाज खाली आणायचा, वाक्य सावकाश, हाकेआधी दोन श्वास थांबायचं. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

खुनाचं वर्णन मात्र आखडतं घ्यावं. शेवटी वाड्याचा नकाशा पुढे ठेवा: दिल्ली दरवाजा, तटबंदी, १८२८च्या आगीनंतर उरलेली जोती. मग प्रश्नच प्रश्न येतात. पहिला हमखास असतो, ‘काकांनी का नाही वाचवलं?’ त्याला अर्धा तास राखून ठेवा.