सेंट आइव्ह्ज, नोंद 9: खांबावर चढणारं पाणी

मंडळी, पाणी उतरलं! गेले दोन महिने गप्प होते, कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं. परवा रात्री साडेअकराला मॉडेलच्या नदीत तिसऱ्यांदा ओतलेलं रेझिन (पाण्यासारखं ओतायचं, मग काचेसारखं घट्ट होतं ते) बघितलं आणि पहिल्यांदाच शिव्या न घालता झोपायला गेले.

नव्यांसाठी थोडक्यात: मी इंग्लंडमधल्या एका गावाचं छोटं मॉडेल बनवतेय, केंब्रिजजवळचं, ग्रेट ऊज नदीवरचं सेंट आइव्ह्ज. कॉर्नवॉलचं नव्हे. स्केल 1:76, म्हणजे खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढं. बाकीचं जुन्या नोंदींत आहे.

नोंद 8 मध्ये गावातला जुना दगडी पूल पाटावर (मॉडेलच्या लाकडी तळावर) बसला होता. सहा कमानी, त्यातल्या चार टोकदार, पंधराव्या शतकातल्या, आणि दक्षिणेकडच्या दोन गोल. त्या दोनसाठी वेगळा साचा करावा लागला, त्याचं रडगाणं तेव्हा गाऊन झालंय. इंग्लंडच्या यादवीत, 1645 मध्ये, राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटवाल्यांनी तिथल्या मूळ कमानी पाडून उचलता पूल बसवला आणि 1716 मध्ये नव्या बांधल्या त्या गोल. म्हणजे माझ्या वाया गेलेल्या दोन शनिवारांचा हिशेब पार्लमेंटवाल्यांचा सेनानी क्रॉमवेल याच्या बाजूने द्यायचा आहे. त्याचा पुतळा मात्र बाजारात ऐटीत उभा (1901 पासून).

तर पाणी. पहिल्यांदा रेझिन ओतलं तेव्हा प्लास्टरचे खांब ते शाईचूस कागदासारखे प्यायले. खाली काळपट ओला पट्टा, सगळ्या खांबांवर एकाच उंचीचा. आमच्यातल्या एकाने लिहिलं, "राहू दे, पुराची खूण दिसते." नाही दिसत. पुराची खूण फिकट, मातकट असते, डांबरात बुडवल्यासारखी नसते. तो पाट भंगारात गेला, पूल तेवढा कानशीने सोडवून घेतला.

दुसऱ्या खेपेला आधी फेव्हिकॉल पाण्यात कालवून खांबांना तीन हात दिले. (इथले पांढरे गोंदही चालतात, पण पातळ केले की फुटतात. मी पुण्याहून डबा आणते आणि विमानतळावर दर वेळी त्याचं स्पष्टीकरण देते.) शोषणं थांबलं, चढणं नाही. प्रत्येक खांबाच्या चोचीला (प्रवाह कापणाऱ्या टोकाला) रेझिन चिकटून वर आलं, जेमतेम दोन मिलिमीटर. फोटोत कुणाला कळलंही नसतं. पण 1:76 मध्ये दोन मिलिमीटर म्हणजे पंधरा सेंटिमीटर! खरी ऊज दगडावर अर्धा फूट चढून चकाकत बसली, असं कुठे असतं का? एकदा दिसलं की दुसरं काही दिसतच नाही.

मग पॉलिश पेपरने घासलं, तर कड पांढरी पडली. पातळ थर देऊन पाहिले, तर प्रत्येक थर आपापला चढला. एका ऑनलाइन दुकानाने 'न चढणारं' म्हणून दुप्पट भावाने रेझिन विकलं. तेही चढलं, वर हार्डनर (रेझिन घट्ट करायला त्यात मिसळायचा दुसरा भाग) मापाला कमी पडला. त्यांचं नाव घेत नाही, पण बाटलीवर प्रमाण वजनात आहे की आकारमानात, हे विकत घेण्याआधी वाचा. ही चूक मी एकदा केली आहे आणि तो पाट अजून चिकट आहे.

उपाय स्वयंपाकघरातून आला. आई सध्या इथे आहे. दूध तापवताना तिने पातेल्याच्या काठाला आतून तुपाचं बोट फिरवलं, उतू जाऊ नये म्हणून. मी चमचा हातात घेऊन तशीच उभी. खांबांना तूप नाही लावलं, व्हॅसलीन लावलं: 00 नंबरच्या ब्रशने, पाण्याच्या रेषेच्या केसभर वर, चोचीभोवती अखंड. एकेका खांबाला वीस मिनिटं. रेझिन रेषेपर्यंत आलं आणि थांबलं. सपाट!

एक खोट आहे. व्हॅसलीन पुसल्यावर खांब आणि पाणी यांच्यात बारीक फट राहते, पूल तरंगतोय असं वाटतं. तिथे ग्लॉस वार्निशचा एक थेंब ब्रशच्या टोकाने ओढला की मिटते. दोन खांब झाले, बाकीचे व्हायचेत. रंग गढूळ हिरवा, थोडा तपकिरी. नितळ पाण्याच्या मोहात पडू नका, सपाट प्रदेशातली संथ नदी आहे ती, तळ कुठला दिसायला.

मधल्या काळात क्रॉमवेलच्या पुतळ्याचं रोखलेलं बोटही जमलं. 3D प्रिंटरवर छापलेलं तीनदा तुटलं, आता तिथे गिटारची पातळ तार आहे.

आता खरी गोची. पुलाच्या मधोमध सेंट लेजरचं चॅपल (छोटं प्रार्थनाघर) आहे, 1426 साली पवित्र केलेलं. 1736 मध्ये त्यावर विटांचे दोन मजले चढवून घर केलं, एकोणिसाव्या शतकात तिथे इतकी बदनाम खानावळ होती की लोक तिला 'छोटा नरक' म्हणत. ते मजले 1930 मध्ये उतरवले. ऑल सेंट्स चर्चचा मनोरा 1918 मध्ये विमान धडकून पडला आणि 1924 ला पुन्हा उभा राहिला. दोन्ही हवेत म्हणून मी 1924 ते 1930 ची फट पकडली होती, आठवतं ना? परवा रेझिनचे शिंतोडे पुसायला वरचं घर उचलून बाजूला ठेवलं (अजून चिकटवलेलं नव्हतं) आणि बुटकं चॅपल तसंच बघत बसले. आजचं सेंट आइव्ह्ज समोर होतं.

म्हणून घर चिकटवायचं नाही. खाली दोन लोहचुंबक, वर पत्र्याची पट्टी, टोपीसारखं काढता-घालता येईल. मग बाजाराचेही दोन संच लागतील: एक जुन्या गाड्यांचा, दुसरा आजच्या सोमवारच्या बाजाराचा, कापडी छपरं आणि व्हॅनसकट. बॅंक हॉलिडेच्या (सार्वजनिक सुट्टीच्या) सोमवारी तो केवढा फुगतो ते पाहिलंय, तेवढा नाही करणार. स्टेशनचं काय, हे विचारू नका. तिथे आता रुळांच्या जागी 2011 पासून केंब्रिजची बसवे (फक्त बसगाड्यांचा मार्ग) आहे, आणि सुदैवाने ती माझ्या पाटाबाहेर पडते.

लिहिता लिहिता सुचलं, दक्षिणेला पाट वाढवून पूर आलेलं कुरण करता येईल. 1822 चा उंच रस्ता तिथूनच जातो, पुराचं पाणी खालून जावं म्हणून त्याला 55 कमानी आहेत.

55. नको. आधी उरलेल्या खांबांचं व्हॅसलीन पुसते.