तुम्ही विचारलंत म्हणून: खाली पाणी आहे का?

“दादा, पीसी लई जुना झालाय. अपग्रेड करू का नवाच घेऊ?”

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. मी लातुरात राहतो, पोटापाण्याचं काम हिशेबाच्या वह्यांचं. पण २०१८च्या दिवाळीत गेमिंगचा कॉम्प्युटर स्वतःच्या हातानं जोडला आणि तेव्हापासून गल्लीत, ऑफिसात, सासुरवाडीत ‘ह्याला त्यातलं कळतं’ असा शिक्का बसला. विचारणाऱ्यांत क्लाससाठी लातूरला आलेली पोरं असतात, कधी त्यांचे आईबापही असतात. आईबापांचा प्रश्न जरा वेगळा असतो: “हे डबडं विकलं तर किती येतील?” प्रत्येकाला फोनवर अर्धंमुर्धं सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच बैजवार लिहितो.

उत्तराचं मूळ माझ्या वडिलांकडं आहे, आणि त्यांनी जन्मात माउसला हात लावलेला नाही. औसा तालुक्यात आमचं थोडं रान आहे, त्यात एक बोअर. २०१६ साली, म्हणजे ज्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात, बोअरची मोटार जळाली. मी शहाणपणा केला. म्हणलं, हिचं वाइंडिंग दोनदा भरून झालंय, आता नवीच घेऊ. वडील म्हणाले, “आरं, जुनी का नवी ते मागून बघू. खाली पाणी हाय का ते आधी बघ.” मोटार वर काढलेलीच होती. दोरीला दगड बांधून बोअरात सोडला. वर आला तो खडखडीत कोरडा. त्या साली आम्ही मोटार भरलीही नाही आणि घेतलीही नाही.

कॉम्प्युटरमधलं पाणी म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग ज्यावर बसतात तो पाया. त्यावर कुठल्या पिढीचा प्रोसेसर बसतो, कुठली रॅम बसते, हे तो बोर्ड जन्माला येतानाच बहुतेक ठरलेलं असतं. बोर्डावर पुढची वाट शिल्लक असेल तर जुनी मशीन आणखी चार वर्षं पळते. वाट संपली असेल तर प्रोसेसर बदलायला बोर्ड बदलावा लागतो, बोर्डाबरोबर बऱ्याचदा रॅम बदलावी लागते, आणि हे तिन्ही बदलले की तुम्ही अपग्रेड करत नसता, नवा पीसीच घेत असता. फक्त डबा जुना.

पण तेही नंतर. आधी दुखतंय कुठं ते बघा. माझ्या मशीननं २०२१च्या मे महिन्यात मान टाकली होती. गेम सुरू केला की दहा मिनिटांत अडखळायला लागायची आणि पंखा पिठाच्या गिरणीसारखा घोंगावायचा. मी तर नव्या ग्राफिक्स कार्डाचे (गेमची चित्रं पडद्यावर काढणाऱ्या भागाचे) भाव बघायला लागलो होतो. ते दिवस असे होते की कार्ड मिळायचंच नाही, मिळालं तर दुप्पट भावानं, म्हणून नाइलाजानं झाकण उघडलं. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांत धुळीची गादी बसली होती, चिमटीनं ओढली तर अख्खी सलग निघाली. आमच्याकडं सोयाबीनची रास होते तेव्हाचा भुसा आणि उन्हाळ्यातली काळी माती, दोन्ही त्यात होतं. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकला देणारी थर्मल पेस्ट पानाच्या डबीत वाळलेल्या चुन्यासारखी झालेली, नखानं खरवडली तर खपल्या पडल्या. आणि एसएमपीएसच्या (सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीतून टॉर्चच्या उजेडात एक वाळकी पाल माझ्याकडं बघत होती. ती तिथं कधीपासून होती, देव जाणे.

मोबाइल दुरुस्तीवाल्या मित्राचा ब्लोअर आणला, पंख्याची पाती बोटानं धरून धूळ उडवली (पाती मोकळी सोडून हवा मारली की पंखा वेड्यासारखा फिरतो आणि बेअरिंग जातं), नवी पेस्ट लावली. एसएमपीएस मात्र उघडला नाही. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. पाल बाहेरूनच काडीनं काढली. त्याआधी प्रोसेसर ९३-९४ अंशांवर जायचा आणि ९५ला माझा रायझन (एएमडी कंपनीचा प्रोसेसर) स्वतःच वेग कमी करून घ्यायचा. साफसफाईनंतर तोच गेम, तीच पत्र्याखालची खोली, आणि पारा पंच्याहत्तरच्या आसपास. खर्च अडीचशे रुपये. मला विचारायला येणाऱ्या दहातल्या तिघांचं दुखणं एवढंच असतं, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा पडतो, कारण त्यांना घरी सांगायला कारण हवं असतं.

साफ करूनही मशीन रडत असेल तर गेम चालू असताना कोपऱ्यात आकडे दाखवणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर लावा. ग्राफिक्स कार्ड ९८-९९ टक्क्यांवर असेल तर दम कार्डाचा संपलाय. कार्ड पन्नास-साठवर निवांत आणि तरी गेम अडखळतोय, तर बऱ्याचदा प्रोसेसर मागं पडलाय. खात्री करायची तर रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम (सेकंदाला बनणारी चित्रं) वाढल्या तर कार्ड, जागच्या हलल्या नाहीत तर प्रोसेसर. रॅम काठोकाठ भरलेली दिसली तर रॅम. गेम उघडायलाच चहा होतो एवढा वेळ लागत असेल तर हार्ड डिस्क काढा आणि तिच्या जागी कितीतरी वेगवान एसएसडी टाका, ह्यात विचार करण्यासारखं काहीच नाही. आणि एक बघा, मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. नव्वद फ्रेम येतात, दीडशे का येत नाहीत म्हणून माझ्याकडं रडत आलेला एक पोरगा ६० हर्ट्झच्याच मॉनिटरवर खेळत होता.

माझ्या बोअरला पाणी होतं. बोर्ड बी४५०, सॉकेट (प्रोसेसर बसायची जागा) एएम४. २०१८ला त्यावर रायझन ५ २६०० होता, आठ जीबीची एकच पट्टी आणि १०५० टीआय कार्ड. आधी तशीच दुसरी पट्टी टाकली. दोन पट्ट्या असल्या की रॅमचे दोन्ही रस्ते वापरात येतात आणि रायझनला ते मानवतं. २०२३मध्ये त्याच बोर्डावर ५६०० बसवला. हा प्रोसेसर बोर्डापेक्षा चार वर्षांनी धाकटा, तरी बसतो, फक्त आधी बायोस, म्हणजे बोर्डाला जागं करणारं त्याच्या चिपमधलं सॉफ्टवेअर, अपडेट करावा लागतो.

तिथं मी माती खाल्ली. रविवारी दुपारी अपडेट लावला. इन्व्हर्टर होता, पण त्याच्या बॅटरीत पाणी घालायचं काम कुणाचं, ह्यावर घरात एकमत नव्हतं. साठ टक्क्यांवर लाइट गेली, इन्व्हर्टरनं एक किंकाळी मारली आणि स्क्रीन काळी झाली. पुन्हा लावला तर पंखे फिरतात, बाकी काही नाही. बायको दारात उभी राहून म्हणाली, “काय करूलालात ओ सकाळधरनं?” दुसऱ्या दिवशी एका रिपेअरवाल्यानं बोर्डावरच्या तांदळाएवढ्या पायांच्या चिपला चिमटा लावला, लॅपटॉपवरून बायोस पुन्हा लिहिला आणि पाचशे रुपये घेतले. वीस मिनिटांचं काम. तेव्हा यूपीएस नसेल तर बायोसच्या वाटेला जाऊ नका, निदान आमच्या जिल्ह्यात तरी.

मग कार्ड घेतलं, आरएक्स ६६००. इथं लोक एक गोष्ट विसरतात. १०५० टीआय ७५ वॉटचं, बोर्डाच्या खाचेतूनच वीज घेतं. ६६०० ला १३२ वॉट लागतात आणि एसएमपीएसमधून वेगळी आठ पिनांची वायर. माझ्या एसएमपीएसवर ‘५०० वॉट’ असं ठसठशीत छापलेलं होतं आणि ती वायरच नव्हती. हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका. विकणाऱ्यानं २०१८ला तो ‘भारीतला’ म्हणून दिला होता. आपल्याकडं व्होल्टेज दिवसभर वर-खाली होत असतं, लोकल एसएमपीएस जातो तेव्हा एकटा जात नाही. तेव्हा कार्डाच्या बजेटमध्ये चांगल्या एसएमपीएसचे पैसे आधी बाजूला काढा, उरतील त्यात कार्ड.

आता उलटी गोष्ट. उदगीरचा माझा भाचा. त्याच्याकडं इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, २०१४ सालचा, चार कोअर, जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम. त्याचं म्हणणं, “मामा, आरटीएक्स ३०६० टाकतो, बास होतंय.” कार्ड बसलं असतं, गेम उघडलाही असता. पण चार कोअरचा प्रोसेसर त्या कार्डाला कामच पुरवू शकला नसता. त्या सॉकेटवर पुढचं कामाचं काही येत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलमध्ये एखाददुसरा अपवाद सोडला तर आठव्या पिढीच्या खाली अधिकृतपणे चालत नाही, टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) मागतं ते वेगळंच. (माझा जुना २६०० मात्र त्या यादीत बसत होता, बायोसमध्ये जाऊन टीपीएम चालू केलं की झालं.) जुनी कार्डंही एकेक मागं पडतायत. ७५० टीआय, १०५० टीआय ह्या पिढ्यांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) २०२५च्या शेवटापासून नाहीत. २०२४च्या शेवटापासून काही मोठे गेम असे आलेत की कार्डात रे ट्रेसिंग (उजेड-सावली खऱ्यासारखी काढायची सोय) नसेल तर सुरूच होत नाहीत, सेटिंग कितीही खाली करा.

त्याला म्हणलं, ह्यात एक रुपया घालू नको. दगड कोरडा आलाय. तो दोन दिवस बोलला नाही.

अडचण अशी की त्याला नवा घे म्हणायलाही जीभ रेटत नाही. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव दुप्पट-तिप्पट झालेत. एआयच्या डेटा सेंटरांना लागणारी मेमरी बनवण्यात कंपन्या गुंतल्यात, घरगुती गिऱ्हाइकाकडं बघायला कुणाला सवड नाही. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५मध्ये क्रूशियल हा आपला दुकानात मिळणारा ब्रँडच बंद करत असल्याचं सांगितलं. अशा वेळी कुणाची जुनी एएम४ची मशीन रॅमसकट मिळाली तर ती मला नव्या कोऱ्या डीडीआर५ रॅमच्या मशीनपेक्षा शहाणपणाची वाटते. फक्त विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर अर्धा तास गेम चालवून मगच पैसे द्या. लॅपटॉपचं विचारू नका. मे महिन्यात लातुरात गेमिंग लॅपटॉप मांडीवर घेऊन बघा, कळेल.

भाच्याची जुनी मशीन आता त्याच्या बापाच्या कृषी सेवा केंद्रात आहे. त्यावर खताबियाण्याची बिलं निघतात आणि ती मजेत आहे. भाचा शनिवारी एसटीनं लातूरला येतो आणि माझ्या खुर्चीत बसतो. रोज संध्याकाळी त्याचा मेसेज येतो, “मामा, रॅम काय भाव?” मला तसंही त्या वेळी वडिलांसाठी लातूर बाजार समितीचा सोयाबीनचा भाव बघायचाच असतो. २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ होता, आणि हंगामात मोंढ्यात त्याच्याही खाली चाललेलं होतं. ते बघून झालं की रॅमचं बघतो, आणि दोघांनाही एकच उत्तर पाठवतो: थांब अजून.