पूर्ण वाक्यांत रडणारी निर्मला

"तुझी निर्मला रडतानासुद्धा पूर्ण वाक्यांत बोलते गं," असे म्हणत मैत्रिणीने आज माझ्या कथेचे कागद परत केले आणि तो शेरा दिवसभर मनात सलत राहिला.

निर्मलाचे वय, शिक्षण, बालपणीचे दुःख असे सगळे मी वहीत नोंदवले होते. पण नवऱ्याच्या मृत्यूची बातमी ऐकताना तिचे हात काय करत होते, हे मला ठाऊकच नव्हते. पात्राने वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करावे, ही कसोटी इंग्रजी कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ सालीच सांगून ठेवली आहे. निर्मला तर मलाच कधी चकित करत नाही!

रात्री तो प्रसंग पुन्हा लिहायला घेतला, तेव्हा ती काहीही न बोलता चष्मा पुसत बसली आणि काचा स्वच्छ झाल्या तरी थांबेना. हे तिचे वागणे, की पुन्हा माझीच कारागिरी?