गॉवर द्वीपकल्पात तीन दिवस: ओहोटी पाहून आखलेली भटकंती

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉवर द्वीपकल्प स्वान्झी शहराला लागूनच आहे, आणि विशेष निसर्गसौंदर्याचा प्रदेश हा अधिकृत दर्जा ब्रिटनमध्ये सर्वप्रथम त्यालाच, १९५६ मध्ये, मिळाला. मे महिन्यात आम्ही तेथे तीन दिवस राहिलो. बसच्या वेळांआधी भरती-ओहोटीच्या वेळा पाहाव्यात, हे आम्हाला पहिल्याच दिवशी थोडे उशिरा कळले.

पश्चिम टोकावरील ऱ्होसिली गावासमोर ‘वर्म्स हेड’ हा लांबट खडक सापासारखा समुद्रात शिरलेला आहे. ओहोटीच्या आधी आणि नंतर प्रत्येकी सुमारे अडीच तासच तेथे पायी जाता येते. नकाशावर हे अंतर अगदी किरकोळ दिसते. प्रत्यक्षात शिंपल्यांनी भरलेल्या, निसरड्या दगडांवरून प्रत्येक पाऊल जपून टाकावे लागते. आम्ही निघालोच उशिरा, त्यामुळे खडकांवर पहुडलेले राखाडी सील दुरूनच पाहून निम्म्या वाटेवरून परतलो. पाणी चढल्यावर पलीकडे अडकल्यास पोहून येण्याचे धाडस मुळीच करू नये. पुढच्या ओहोटीपर्यंत थांबावे. घरट्यांच्या हंगामात समुद्रपक्ष्यांसाठी खडकाचे शेवटचे टोक सोडून द्यावे.

ऱ्होसिलीच्या पुळणीवर १८८७ मध्ये फुटलेल्या ‘हेल्व्हेटिया’ या नॉर्वेजियन जहाजाच्या लाकडी फासळ्या वाळूतून वर आलेल्या दिसतात. गावाबाहेर बांधांनी विभागलेली अरुंद पट्ट्यांची मध्ययुगीन शेते आहेत. मला ती पुळणीहूनही अधिक आवडली. पॅविलंडच्या गुहेत १८२३ मध्ये गेरूने माखलेला सांगाडा सापडला होता. तो स्त्रीचा समजला गेला आणि तरुण पुरुषाचा निघाला, तरी ‘रेड लेडी’ हे नाव टिकून राहिले. गुहेची वाट अवघड आणि तीही ओहोटीतच मोकळी होणारी असल्याने आम्ही तो नाद सोडला.

दक्षिणेला चुनखडीचे कडे आहेत, तर उत्तरेला मैलोगणती खाजण पसरले आहे. तेथील पेनक्लॉथ गावच्या बायका पूर्वी गाढवे घेऊन वाळूतून कॉकल नावाच्या शिंपल्या गोळा करीत. लॅनरिडियनहून तिकडे जाणारा खाजणाकाठचा रस्ता उधाणाच्या भरतीत पाण्याखाली जातो, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास गाडीने जाणाऱ्यांनी वरच्या रस्त्याने जावे. आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या कडेला पाणी लागले होते, आणि खाजणात चरणारी घोडी आधीच उंचवट्यावर येऊन उभी होती.